जलविहार-सुरक्षा व नौकानियमन, मुंबई उपनगरांतील

मौजेसाठी, सहलीसाठी किंवा पर्यटनासाठी वापरल्या जाणाऱ्या नौकांतील उतारूंचे रक्षण व्हावे, या हेतूने नौकेचा मालक, चालक आणि उतारू यांवर घालण्यात आलेली बंधने व त्या बंधनांसाठी रूढ झालेल्या संज्ञा यांचा या विषयात समावेश होतो. पाश्चात्त्य देशांत जलविहाराचे नियम प्रामुख्याने खाजगी मालकीच्या शिडाच्या व यांत्रिक नौकांना अनुलक्षून झाले. मुंबई बंदरातही रॉयल बॉम्बे यॉट क्लबसारख्या (स्थापना १८४६) संस्थांमधून या प्रकारचा नौकाक्रीडेचा छंद जोपासला गेला. परंतु तो मूठभरांचा होता. उपनगरांतील सामान्य माणसाचा जलविहार मात्र तरीच्या नावेतून सुरू झाला. वर्सोवा, मार्वे, गोराई येथील ज्या नावा कोळी, आगरी व ईस्ट इंडियन वस्तीला बाजारहाटासाठी पलीकडे नेत, त्याच नावांतून पुढे सहलीची मंडळी जाऊ लागली. त्यामुळे येथील जलविहाराच्या सुरक्षिततेचा इतिहास हा मुख्यतः तरीच्या कायद्याचा इतिहास आहे. एका नावेत किती माणसे घ्यावीत आणि ती कोणी मोजावीत, या एका प्रश्नाभोवती तो फिरत राहिलेला दिसतो.

साष्टीच्या तरी : वांद्रे, अंधेरी, बोरिवली, कुर्ला, घाटकोपर, मुलुंड ही आजची उपनगरे साष्टी बेटावर वसलेली आहेत. या बेटाच्या दक्षिणेस माहीम व शीव येथील खाड्या, पूर्वेस ठाण्याची खाडी, उत्तरेस उल्हास नदीचे मुख म्हणजे वसईची खाडी आणि पश्चिमेस समुद्र. पूल होण्यापूर्वी बेटावर येण्याचा वा बेटावरून जाण्याचा मार्ग नावेचाच होता. शीव व कुर्ला यांमधील बांध गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या कारकीर्दीत बांधण्यास घेण्यात आला व तो १८०५ मध्ये पुरा झाला. माहीम व वांद्रे यांमधील खाडी मात्र त्यानंतरही चाळीस वर्षे तरीनेच ओलांडावी लागे. चिखल, वेगाची ओहोटी आणि पावसाळ्यातील वारा यांमुळे ही तर धोक्याची समजली जाई व तेथे नावा उलटण्याचे प्रसंग घडत. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांच्या देणगीतून १८४५ मध्ये माहीमचा बांध झाला. त्यावरून जाणाऱ्यांकडून कर घेऊ नये, अशी अट देणगीबरोबर घालण्यात आली होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तरीवर कर होता, तरीचा मक्ता होता आणि मक्तेदाराचे उत्पन्न उतारूंच्या संख्येवर अवलंबून होते. करमुक्त बांधाने उतारूला त्या व्यवहारातूनच सोडविले.

दक्षिणेकडील व पूर्वेकडील तरी अशा रीतीने एकामागून एक बंद पडल्या. पश्चिम किनाऱ्यावरील मात्र टिकल्या. वर्सोवा व मढ यांमधील खाडी रुंदीने अगदी लहान. परंतु ती टाळून मालाडमार्गे रस्त्याने जाऊ म्हटल्यास सुमारे वीस किमी.चा वळसा पडतो. मार्वे व मनोरी, तसेच बोरिवलीची बाजू व गोराई यांचेही तसेच. येथील नावांतून माणसांबरोबर मासळीच्या पाट्या, भाजी आणि अलीकडील काळात दुचाकी वाहनेही जातात. उभी केलेली मोटारसायकल हे नौकेच्या दृष्टीने उंचावर ठेवलेले व सहज सरकणारे वजन असते, ही गोष्ट धक्क्यावर फारशी कोणाच्या ध्यानी येत नाही.

कायद्याचा उगम : मुंबई इलाख्यातील लहान नौकांवर पहिले लेखी नियंत्रण आले ते १८३८ च्या कोस्टिंग व्हेसल्स ॲक्टने. किनाऱ्यावर व्यापार करणारी गलबते, मासेमारीच्या होड्या व बंदरातील नावा यांची नोंदणी करावी व त्यांवर क्रमांक आणि गावाचे नाव ठळकपणे घालावे, असे त्यात ठरविण्यात आले. होड्यांच्या बाजूवर रंगविलेली अक्षरे व आकडे आजही किनाऱ्यावर दिसतात, ती या जुन्या प्रथेची आठवण होय. या कायद्याचा रोख नौका ओळखता यावी यावर होता. ती सुरक्षित आहे की नाही हे पाहण्यावर नव्हता.

त्यानंतर मुंबई सरकारचा १८६८ चा दुसरा अधिनियम झाला. तो तरी व अंतर्देशीय जलयाने यांसंबंधी होता. कोणती तर सार्वजनिक मानावयाची, तिच्यावर किती कर घ्यावयाचा, तो वसूल करण्याचा मक्ता कसा द्यावयाचा आणि तेथील नावांनी कोणते नियम पाळावयाचे, हे त्यात आले. सुरक्षितता व महसूल एकाच अधिनियमात आणि बहुधा एकाच अधिकाऱ्याच्या हाती आली. यातील विसंगती त्या काळी कोणास जाणवली असेल असे वाटत नाही. पण पुढील सर्व अडचणींचे मूळ येथेच आहे. लिलावात अधिक बोली देणाऱ्या मक्तेदाराने ती रक्कम भरून काढावयाची ती नावेत अधिक माणसे घेऊनच.

यांत्रिक नौकांसाठी मध्यवर्ती सरकारने प्रथम १८८४ मध्ये व नंतर अधिक व्यापक स्वरूपात १९१७ मध्ये अंतर्देशीय आगबोटींचा अधिनियम केला. आजच्या जलविहार-नियमांतील बहुतेक संज्ञा यातूनच आलेल्या आहेत. अंतर्देशीय जल म्हणजे नदी, कालवा, तलाव किंवा नौकानयनास योग्य असे इतर आतले पाणी. सर्वेक्षण म्हणजे नियुक्त तपासनिसाने नौकेचा सांगाडा, यंत्र व साधने यांची केलेली पाहणी. सर्वेक्षण-प्रमाणपत्र म्हणजे त्या पाहणीनंतर ठराविक मुदतीसाठी दिलेला दाखला. नौका कोणत्या पाण्यात चालवावयाची व तिच्यात जास्तीत जास्त किती उतारू घ्यावयाचे, हे त्यावर नमूद असते. क्षमता-प्रमाणपत्र हे माणसाचे असते. सारंग, इंजिन चालविणारा इत्यादींना परीक्षा देऊन ते मिळवावे लागते. दाखल्यावरील संख्येपेक्षा अधिक उतारू घेतल्यास मालक व चालक या दोघांनाही दंड होतो. वाफेवर चालणाऱ्या नौका मागे पडून डीझेल इंजिने आल्यावर १९७७ च्या दुरुस्तीने या अधिनियमाच्या नावातून ‘आगबोट’ हा शब्द गेला व तो अंतर्देशीय जलयान अधिनियम झाला. वल्ह्याच्या किंवा शिडाच्या नावा मात्र त्याच्या कक्षेबाहेरच राहिल्या. तलावावर सहलीला वापरल्या जाणाऱ्या नावा बहुतांशी याच प्रकारच्या असल्याने ही उणीव पुढे महत्त्वाची ठरली.

उतारूंची संख्या कशी ठरते : दाखल्यावरील आकडा केवळ बसण्याच्या जागा मोजून काढलेला असतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णतः बरोबर नाही. पाण्यावर तरंगणारी नौका कलली असता ती पुन्हा सरळ होते, याचे कारण कललेल्या बाजूचा अधिक भाग पाण्यात जातो व पाण्याचा वर लोटणारा जोर त्या बाजूस सरकतो. हा जोर आणि नौकेचे खाली खेचणारे वजन यांमध्ये जितके अंतर पडेल तितकी नौका जोराने सरळ होते. वजन उंचावर गेले की हे अंतर कमी होत जाते आणि एका मर्यादेपलीकडे नौका सरळ होण्याऐवजी अधिकच कलू लागते. स्थिरतेविषयीच्या आंतरराष्ट्रीय संहितेत गणितासाठी दर उतारूचे वजन ७५ किग्रॅ. धरतात, उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य डेकापासून १ मी. उंचीवर व बसलेल्याचा आसनापासून ०·३ मी. उंचीवर मानतात. तसेच सर्व उतारू एकाच बाजूस गोळा झाले, दर चौ. मी. जागेत चार माणसे उभी राहिली, तर नौका किती कलेल हेही पाहतात. म्हणजे बसलेला उतारू उभा राहिला की वजन उंचावर जाऊन नौकेची स्थिरता कमी होते. तांडेल ‘बसून घ्या’ असे ओरडतो, त्यामागे हेच गणित आहे, मग ते त्याने कोणत्याही पुस्तकात वाचलेले नसो.

दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याच्या वर उरलेली नौकेची बाजू. भार वाढेल तसतशी ती कमी होते व लाटेचे पाणी आत येऊ लागते. जहाजांच्या बाबतीत यासाठी भाररेषा आखण्याची सक्ती सॅम्युअल प्लिमसॉल याच्या चळवळीमुळे ब्रिटिश पार्लमेंटने १८७६ मध्ये केली. ती रेषा धक्क्यावरील कोणासही दिसते व तिला मोजदादीची गरज नसते. लहान तरीच्या नावेवर अशी रेषा सहसा नसते. असतो तो फक्त फलकावरील आकडा, आणि तो खरा की खोटा हे माणसे मोजल्याशिवाय कळत नाही. १९१२ मधील टायटॅनिकच्या दुर्घटनेनंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला व तो पुढे वारंवार सुधारण्यात आला. तथापि त्याचा अंमल देशादेशांमध्ये जाणाऱ्या जहाजांवर आहे. वर्सोव्याची खाडी ओलांडणाऱ्या नावेपर्यंत तो पोहोचत नाही.

किनाऱ्यावरील दुर्घटना : लहान नौकांच्या नियमांना धार आली ती मोठ्या बोटींच्या अपघातांतून. ‘वैतरणा’ ही विजेच्या दिव्यांमुळे ‘वीजळी’ या नावाने ओळखली जाणारी आगबोट नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छमधील मांडवीहून मुंबईस येत असता सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. सातशेहून अधिक माणसे तिच्याबरोबर गेली. नंतरच्या चौकशीत बोटीवर जीवनौका व जीवरक्षक जाकिटे अपुरी असल्याचे दिसून आले. ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी ‘जयंती’ व ‘तुकाराम’ या कोकण किनाऱ्यावरील दोन बोटी वादळात बुडाल्या. या सर्व बोटी नोव्हेंबरात, म्हणजे पावसाळा सरल्यावर, गेल्या. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र मोकळा झाला असे मानले जात असले, तरी अरबी समुद्रातील चक्रीवादळांचा दुसरा काळ त्यानंतरच येतो.

उपनगरवासीयांच्या व एकंदर मुंबईकरांच्या स्मरणात खोल रुजलेली दुर्घटना ‘रामदास’ची. ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणून लोकप्रिय असलेल्या देशी कंपनीची ही बोट १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. आषाढी अमावास्येचा सुमार होता व गावी जाणाऱ्यांची गर्दी होती. भर पावसाळा आणि त्यात उधाणाचे दिवस. मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या काशाच्या खडकाजवळ वारा व लाटा यांच्या माऱ्यात बोट एका बाजूस कलली. घाबरलेले उतारू जागा सोडून सरकले आणि ती थोड्याच वेळात उलटून बुडाली. सहाशेहून अधिक माणसे मरण पावली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. त्यामुळे धक्क्यापासून काही मैलांवर घडलेली ही घटना मुंबईला कळेपर्यंत दुपार उलटली होती. जे वाचले त्यांपैकी अनेकांना रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी मासळीच्या होड्यांतून बाहेर काढले. देश स्वतंत्र होण्यास चार आठवडे उरले असता घडलेल्या या घटनेची नोंद राजकीय इतिहासात फारशी आढळत नाही. परंतु रायगड व रत्नागिरीकडील अनेक घरांत ती तिथीनिशी सांगितली जाते.

‘रामदास’ची घटना नियमनाच्या दृष्टीने दोन कारणांनी महत्त्वाची आहे. उतारूंची संख्या ही स्थिर गोष्ट नसून ती हवामानाबरोबर बदलली पाहिजे, हे तिने दाखवून दिले. शांत पाण्यात जी संख्या सुरक्षित ती जुलैच्या लाटांत सुरक्षित नसते. आणि बोट हाकावी की नाही हे निघण्याच्या वेळी ठरविण्याचा अधिकार व जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तिने उभा केला. धक्क्यावर शेकडो माणसे तिकिटे घेऊन उभी असता एकट्या कप्तानाने ‘नाही’ म्हणावे, ही अपेक्षा कागदावर सोपी आहे.

हंगाम व भरती : किनाऱ्यावरील नौकानियमांत वर्षाचे दोन भाग पाडतात. स्वच्छ हवामानाचा हंगाम साधारणतः सप्टेंबर ते मे आणि खराब हवामानाचा जून ते ऑगस्ट. दाखल्यावरील उतारूंची संख्या व चालण्याची हद्द बहुधा पहिल्या हंगामापुरतीच असते. उघड्या समुद्राला लागून असलेल्या वर्सोवा–मढ यांसारख्या तरी पावसाळ्यात बंद ठेवण्यात येतात. हा विभाग सरकारने नव्याने शोधलेला नाही. कोळी समाजात पावसाळ्यात होड्या ओढून ठेवण्याची व नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा करून त्या पुन्हा पाण्यात घालण्याची रीत पूर्वीपासून आहे. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली येणारी पावसाळी मासेमारीबंदी तिच्याशी बरीचशी जुळते.

भरतीचे ज्ञान मात्र नियमांत फारसे उतरले नाही. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास येते ते उधाण व अष्टमीच्या सुमारास येतो तो भांग, हे प्रत्येक तांडेलास ठाऊक असते. मुंबईस उधाणाच्या भरती-ओहोटीतील पाण्याचा फरक साडेचार मी.पर्यंत जातो. मनोरी किंवा वर्सोव्याच्या खाडीच्या मुखाशी उधाणाची ओहोटी बाहेर पडत असताना समोरून पश्चिमेचा वारा असला, तर आखूड व उभ्या लाटा उठतात. एरव्ही निवांत वाटणारी खाडी तासाभरात नावेला जड जाते. ओहोटीच्या वेळी पाणी धक्क्यापासून दूर जाते, उतारूंना चिखलातून किंवा फळीवरून चढावे लागते व लहान अपघात होतात ते येथेच. आक्सा व जुहू येथील किनाऱ्यांवर बुडण्याच्या घटनांतही ओहोटीचा ओढ हे कारण वारंवार आढळते. परंतु तो विषय पोहणाऱ्यांचा आहे.

जीवरक्षक साधने : जीवरक्षक जाकिटाचे मूळ रूप इंग्लंडमधील जीवनौका संस्थेचे कॅप्टन वॉर्ड यांनी १८५४ मध्ये तयार केले. त्यात बुचाचे तुकडे कापडात शिवलेले असत. आजची जाकिटे हलक्या फेसाळ प्लॅस्टिकची असून त्यांची तरंगविण्याची शक्ती न्यूटन या एककात सांगतात. १० न्यूटन म्हणजे ढोबळ मानाने १ किग्रॅ. भार पेलण्याइतकी शक्ती होय. माणसाचे पाण्यातील वजन अगदी थोडे असल्याने ही शक्ती पुरते. ५० न्यूटनचे साधन पोहता येणाऱ्यास, मदत जवळ असेल अशा ठिकाणी चालते. १०० न्यूटनचे आडोशाच्या पाण्यासाठी व १५० न्यूटनचे उघड्या समुद्रासाठी असते. शुद्ध हरपलेल्या माणसाला उताणे करून त्याचे तोंड पाण्याबाहेर ठेवणे, हे या शेवटच्या प्रकाराचे काम. सहलीच्या नावांत दिसणारी साधने पुष्कळदा पहिल्या प्रकारची असतात व पोहता न येणारे उतारू ती दुसऱ्या प्रकारची समजून वापरतात. जीवरक्षक कडे हे वेगळे. ते अंगात घालण्याचे नसून पाण्यात पडलेल्याकडे फेकण्याचे असते.

जाकिटे नौकेवर असणे आणि ती उतारूंच्या अंगावर असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जुने नियम पहिलीवर समाधान मानत. नाव उलटण्यास काही सेकंद लागतात. छताखाली बांधून ठेवलेले जाकीट त्या वेळात सोडविता येत नाही. उकाडा, घाम व अस्वच्छता यांमुळे उतारू ते नाकारतात, हेही खरे. मुलांच्या मापाची जाकिटे वेगळी लागतात, कारण मोठ्यांच्या जाकिटातून मूल खाली निसटते; सहलीच्या नावांत ही गोष्ट सर्वांत दुर्लक्षित राहिलेली आहे.

उपनगरांतील जलविहार : गोराईच्या बाजूस १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड हे मनोरंजन उद्यान सुरू झाले आणि मार्वे व बोरिवलीकडून तेथे जाणाऱ्या नौका हाच सहलीचा एक भाग बनला. २००९ मध्ये त्याच परिसरात विपश्यना पॅगोडा खुला झाल्यावर ही रहदारी आणखी वाढली. गावकऱ्यांच्या तरीवरील उतारू रोजचा असतो. कोठे पाय ठेवावा, कधी उठावे हे त्याला माहीत असते. सहलीचा उतारू अनोळखी, घोळक्याने येणारा व छायाचित्रासाठी एका बाजूस धावणारा. नौका तीच, दाखला तोच, पण धोका निराळा झाला. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली नाव उलटली व तीन मुली बुडाल्या. गर्दी व एका बाजूस झालेली हालचाल यांचा उल्लेख त्या वेळच्या वृत्तांतांत आहे. पूर्वेकडे भांडुप व ऐरोली येथून रोहित पक्षी पाहण्यासाठी ठाणे खाडीत नौका जाऊ लागल्या. या खाडीचा भाग २०१५ मध्ये अभयारण्य घोषित झाल्यावर तेथील विहाराकडे शहराचे लक्ष गेले. खाडी उथळ व आडोशाची असल्याने तेथे लाटेपेक्षा ओहोटीत चिखलावर अडकण्याचे भय अधिक.

तलावांची स्थिती वेगळी आहे. विहार (१८६०) व तुळशी (१८७९) हे पिण्याच्या पाण्याचे तलाव असल्याने लोकांना बंद राहिले. पवईचा तलाव १८९१ मध्ये पाणीपुरवठ्यासाठीच बांधला गेला. परंतु त्याचे पाणी पिण्यास अयोग्य ठरले व तो मासेमारीच्या छंदासाठी आणि सहलीसाठी वापरात आला. तलाव निवांत दिसतो. तेथे भरती नाही, लाट नाही, आणि म्हणून तेथे बंदर अधिकारीही नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये रात्रीच्या वेळी पवईच्या तलावात एक नाव उलटून तिघांचा मृत्यू झाला. जलपर्णी, गाळ आणि काळोख यांमुळे शोधकार्य अवघड झाले. वल्ह्याच्या लहान नावेची सुरक्षितता कोणत्या कायद्याखाली कोणी पाहावयाची, याचे सरळ उत्तर त्या काळी उपलब्ध नव्हते.

अधिकारक्षेत्रे : हा प्रश्न तलावापुरताच नाही. मुंबई बंदराच्या हद्दीतील पाणी १८७३ मध्ये स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टकडे (२०२१ च्या अधिनियमानंतर मुंबई बंदर प्राधिकरण) आहे. त्याबाहेरील लहान बंदरे व खाड्या, त्यांत वांद्रे, वर्सोवा, मनोरी ही आली, १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहेत. नौकांचे सर्वेक्षण, परवाने व तरींचे मक्ते हे मंडळ पाहते. किनाऱ्यावरची वाळू व वस्ती जिल्हाधिकारी आणि महानगरपालिका यांच्याकडे, तलाव महानगरपालिकेकडे, मासेमारीच्या होड्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे आणि शोध व सुटका पोलीस, अग्निशामक दल व तटरक्षक दल यांच्याकडे. मासेमारीची होडी सुटीच्या दिवशी सहलीला नेली की ती कोणत्या खात्याची, हे धक्क्यावर उभे राहून सांगणे कठीण. एकाच खात्याने नौकेस परवाना द्यावा, तिची तपासणी करावी व मक्त्याचे उत्पन्नही घ्यावे, ही १८६८ ची रचना नव्या नावाने बरीचशी चालू राहिली, असे म्हणावे लागते.

२०२१ चा अधिनियम : १९१७ चा कायदा रद्द करून संसदेने २०२१ मध्ये नवा अंतर्देशीय जलयान अधिनियम केला व तो २०२२ मध्ये अंमलात आला. राज्याराज्यांतील वेगवेगळे नियम जाऊन नोंदणी व सर्वेक्षण यांना देशभर एकसारखी मान्यता मिळाली. अंतर्देशीय पाण्याचे लाटेच्या उंचीवरून तीन विभाग करण्यात आले. लाट २ मी.पर्यंत, १·२ मी.पर्यंत व ०·६ मी.पर्यंत. यामुळे नौकेची योग्यता ती चालते त्या पाण्याच्या स्वभावाशी जोडली गेली. यंत्राशिवाय चालणाऱ्या नावांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांनी करावी, अशी तरतूद त्यात आहे. पवईसारख्या ठिकाणच्या वल्ह्याच्या नावांपर्यंत कायदा पोहोचविणारी ही पहिलीच पायरी होय. ती किती उपयोगी पडते हे महानगरपालिका व नगरपरिषदांकडे त्यासाठी जाणकार माणसे किती असतील, यावर अवलंबून आहे. लाकूड कोठे कुजते हे पाहणारी नजर कारकुनी नोंदवहीतून येत नाही.

अलीकडील घटनांत दोन परस्परविरुद्ध उदाहरणे आढळतात. १४ मार्च २०२० रोजी गेटवेहून मांडव्यास जाणारी प्रवासी नौका किनारा जवळ आला असता बुडू लागली. पोलिसांची गस्ती नौका जवळच असल्याने तिच्यावरील ८८ माणसे सुखरूप बाहेर काढण्यात आली. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीस निघालेल्या ‘नीलकमल’ या नौकेवर नौदलाची एक वेगवान नौका इंजिनाची चाचणी चालू असता ताबा सुटून आदळली आणि पंधरा जणांचा मृत्यू झाला. धडकेचे कारण नीलकमलच्या बाहेरचे होते. तरी तिच्या परवान्यावर ८४ उतारू व ६ खलाशी अशी मर्यादा असता तिच्यावर शंभराहून अधिक माणसे होती, हे उघड झाले. ७५ किग्रॅ.च्या हिशेबाने वीस माणसे म्हणजे दीड टन भार. त्यानंतर परवाना निलंबित करण्यात आला व गेटवेवर नौकेत चढतानाच जाकीट अंगात घालण्याची सक्ती करण्यात आली.

गेटवेला पोलीस, बंदर अधिकारी व वार्ताहर यांची नजर असते. उपनगरांतील धक्क्यांवर रविवारी संध्याकाळी परतीची गर्दी जमते, तेव्हा तिकिटे फाडणारा व माणसे मोजणारा हा एकच असतो आणि तो मक्तेदाराचा नोकर असतो. मोजणी मक्तेदारापासून वेगळी काढून बंदर खात्याच्या माणसाकडे द्यावी, तिकिटांवर फेरीचा क्रमांक छापून दाखल्याइतकीच तिकिटे द्यावीत, असे उपाय साधे व कमी खर्चाचे आहेत. वर्सोवा व मढ यांना जोडणाऱ्या पुलाची योजना महानगरपालिकेने पुढे आणली आहे. तो झाल्यावर माहीमच्या तरीप्रमाणे येथील रोजचे उतारू पुलावरून जातील आणि खाडीत उरतील त्या केवळ सहलीच्या नावा.